रुडेलचे कोरे बूट

४ मे
आज इतकी खूश आहे की भाजी करपली तरी हसले. माझी नात लव्हॉन जूनमध्ये आपल्या ब्राँक्सच्याच चर्चमध्ये लग्न करतेय, आणि पायात बापाचे स्नीकर्स घालणार! माझ्या लेकाचे, रुडेलचे. ती जन्मली त्या आठवड्यात त्याने घेतले, टाचेच्या तळात हवेची पारदर्शक खिडकी असलेले. "हिच्या लग्नात घालीन," म्हणाला, आणि एकदाही पाय घातला नाही. ती तीन वर्षांची असताना गेला बिचारा. बूट माझ्या पलंगाखाली. मापाची काळजी नाही, आमच्या घरात सगळ्यांचेच पाय होड्या.

आमच्या लहानपणी एकच कापडी जोड, शाळेला तोच, चर्चला तोच. रुडेलच्या वेळची पोरं बुटाला सुरकुती पडू नये म्हणून बदकासारखी चालायची, बूट घासायला खिशात दातांचा ब्रश. किती हसायचे मी!

९ मे
खोका उघडला. आत पिवळट भुगा. पीठ असणार. पलंगाखाली मी पीठ ठेवत नाही, पण उडून येतं.

१० मे
बूट जरा चिकट लागतात. ब्रश, भांड्यांचा साबण, वर किटलीची वाफ. चकाचक!
लव्हॉन स्वतः बुटांचं डिझाइन करते, टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून. तळ झिजला की उसवून दुसरा लावायचा म्हणे. म्हणाली, आजी, एकदा बघू दे ना. मी म्हटलं, नवरीने आधी बघायचे नसतात. हा नियम मी तिथेच काढला.

२२ मे
शेजारच्या पगानबाई म्हणाल्या, अगं अर्नेस्टीन, माझ्या लेकाच्या जुन्या जोडाचा तळ बिस्किटासारखा चुरून गेला. म्हटलं, वापरला असेल हो त्याने. म्हणाल्या, छे, खोक्यात जपला होता, न घालता ठेवले की असेच जातात.
जळते बाई. दुसरं काय.

१३ जून, सकाळी
आज लग्न, आणि टाचेत भेग. गोंद भरला. दिसतसुद्धा नाही. पोरीला एवढंच सांगेन, नवरीने हळू चालावं.

१४ जून
फोटो छान येतील. कमरेच्या वरचे.
हळूच चालत होती बिचारी. तिसऱ्या बाकापाशी डावा तळ सुटला, पाचव्यापाशी उजवा. मागे सगळा चुरा. ऑर्गन थांबला. लव्हॉनने वाकून एक तुकडा उचलला आणि रडायला लागली. म्हणाली, आजी, बाबांनी हे घालून हिंडायला हवं होतं गं. पायात असते तर टिकले असते.
गुडघ्यांमुळे मी माझे रोजचे कापडीच घातले होते, लाँड्रीला जायचे, बाजाराला जायचे. तेच काढून दिले. त्या पठ्ठ्या बुटांनी नाचसुद्धा निभावला. मी मोज्यांवर बसून केक खाल्ला.

२० जून
कापडी बूट लव्हॉनकडेच राहिले. मी सपाता घालून बाजारात जाते.
आज तिने स्वतः केलेला नवा जोड आणून दिला, जाळ्यांचा, तळ बदलता येणारा. दारातच बजावलं, आजी, रोज घाल, खराब होऊ देत, मी आहे ना.
किती मऊ गं बाई! गालाला लावून पाहिला. मग नीट कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवला, रुडेलच्या खोक्याशेजारी.
पणतीच्या लग्नाला होईल.