लोकर कातरायच्या दिवशी

वरचं गाव, ९ मार्च

चि. ठकूस,
ओंजळभर आशीर्वाद.

पोचले एकदाची. शेवटचा चढ खेचरावर बसून केला. ते खेचर माझ्यापेक्षा जास्त कुरकुरत होतं, तेव्हा माझ्या गुडघ्यांची चौकशी करू नकोस.

आयुष्यभर ‘हनुवटी वर, हलू नका’ म्हणत पासपोर्टचे फोटो काढले. साठीला टेकल्यावर कुठे हे डोंगर वाट्याला आले. पण सध्या मी फक्त ढगांचे फोटो काढतेय. कॅमेरा बाहेर काढला की अख्खी गल्ली पाठ फिरवते. यांची बोली मला येत नाही, म्हणून शाळेतल्या बाई मध्ये बोलतात. कारण त्यांनीच सांगितलं. मी जिच्या घरी उतरलेय, ती मेंढपाळीण तरुण असताना शहरातून कुणी फोटोवाला आला होता. त्यानं तिच्या हातात फुलांची टोपली दिली, फोटो काढला आणि गेला. पुढे तो फोटो कॅलेंडरवर छापून आला, खाली लिहिलेलं ‘रानातली परी’. खालच्या बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, तिच्या भावानं तो पाहिला. गिऱ्हाइकं त्यावर काय काय बोलत होती ते त्यानं घरी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून या गावात कॅमेरा नको म्हणजे नको.

मेंढपाळीण मला पाणी भरू देते, गोठा झाडू देते. कॅमेरा मात्र खुंटीला. संग्रहालयाच्या साहेबांनी प्रदर्शनासाठी या डोंगरातल्या माणसांचे फोटो मागितलेत, त्यांना काय तोंड दाखवू, समजत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

*

स्टुडिओ, २ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग माझा, तू वाकू नकोस.)

इकडे सगळं ठीक. कालच एक गृहस्थ टक्कल दिसणार नाही असा फोटो काढा म्हणून अडून बसले. टोपी घाला म्हटलं तर रागावले. तुझी उणीव अशा वेळी फार जाणवते; तू एका नजरेत गप्प केलं असतंस.

काळजीची गोष्ट अशी, की संग्रहालयाचे संचालकसाहेब येऊन गेले. त्यांना लोक नटलेले हवेत, दागिने, रंगीत कपडे, मागे बर्फाचं शिखर. ऑगस्टच्या आत असं काही आलं नाही, तर भाड्यानं माणसं आणून, पोशाख चढवून दुसऱ्या कुणाकडून काढून घेईन म्हणाले. आत्या, माझं ऐक. चार माणसांना गळ घाल, साहेबांना हवं ते दे आणि घरी ये. बाबा म्हणतात, तुला समजावणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तरी आपटतेय.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी ठकू

*

वरचं गाव, २४ जून

चि. ठकूस,
पोतंभर आशीर्वाद, लोकरीचे.

डोकं फुटलं नाही ना? आता ऐक.

मेंढ्या व्यायला लागल्या आणि माणसं कमी पडली. एका अडलेल्या मेंढीचे पाय धरून मी गोठ्यात बसले होते, कोकरू बाहेर आलं ते थेट माझ्या मांडीवर. मेंढपाळीण इतकी हसली की भिंतीला टेकून बसली. मग हात पुसत शाळेतल्या बाईंकरवी तिनं विचारलं, की तू फोटो काढतेस म्हणजे नक्की कशाचे? मी म्हटलं, तू सांगशील त्याचे. तिनं कोकरू उचलून आईपुढे ठेवलं. मग म्हणाली, लोकर कातरायच्या दिवशी काढ. उभं कुठे राहायचं ते मी ठरवीन, कपडे माझे, आणि हातात कातर असेल.

तसाच काढला, ठकू! कोपरावर विरलेला निळा स्वेटर, गुडघ्यात दाबलेला मेंढा, आणि चेहरा असा की डोंगरानं बाजूला व्हावं. मग एकेक जण येऊ लागला. कुणी दगडी बांध रचताना, कुणी नातीची वेणी घालताना, कुणी बर्फानं मोडलेलं छप्पर शाकारताना.

माझी फिल्म धुऊन तू पाठवलेले प्रिंट आम्ही लोकर कातरायच्या छपराखाली दोरीवर चिमट्यांनी टांगले. ज्याला आपला नको वाटला त्यानं तो काढून घ्यायचा, सोबत निगेटिव्हही. थोडे गेले. एक काका भांडायलाच आले, की त्यांचा लाडका मेंढा अर्धाच दिसतोय. तो पुन्हा काढला. बाकी सगळ्यांना गावानं ‘दाखवा’ म्हटलंय. ते सोबत पाठवतेय, आता साहेबांकडे तूच घेऊन जा.

जीव लावतेस तेवढा पुरे, आणखी लावलास तरी हरकत नाही.
तुझी आत्या

*

स्टुडिओ, १९ जुलै

ती. आत्यास,
धावतपळत नमस्कार.

आधी वाईट बातमी. साहेबांनी फोटो पत्ते पिसावेत तसे चाळले आणि म्हणाले, फाटके स्वेटर बघायला कोण येणार? मीच तुला नमतं घे म्हणत होते ना? पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, साहेब, कोण येतं ते मी दाखवते.

आपल्या दर्शनी काचेतले नवरानवरीचे सगळे फोटो खाली उतरवले आणि तुझे फोटो लावले. मेंढपाळीण मधोमध. पहिल्या दिवशी लोक नुसते थबकत. दुसऱ्या दिवशी इस्पितळातली परिचारिका थांबली, ती बाबांना इंजेक्शन द्यायला यायची ती. काचेला हात लावून उभी राहिली आणि जोरात म्हणाली, हे माझ्या मावशीचं छप्पर आहे. इतकी वर्षं ती कुठची, आपल्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र फुटपाथवरच्या सगळ्यांना ती एकेका फोटोतलं काम समजावत राहिली. संध्याकाळी ती आणखी माणसं घेऊन आली. बेकरीतला भट्टीवाला, दोन हमाल, शिवणकाम करणारी एक बाई, सगळे तुझ्या डोंगरातले. स्वतःच्या बोलीत, मोठमोठ्यानं बोलत होते. रहदारी अडली, आत्या! पोलीस गर्दी पांगवायला आला आणि स्वतःच बघत बसला.

चौथ्या दिवशी संचालकसाहेब गर्दीत मागे उभे दिसले. आत येऊन म्हणाले, हेच लावू. एकही न वगळता. उद्घाटन सप्टेंबरात. तू मेंढपाळणीला घेऊन ये.

अभिमानानं फुगलेली,
ठकू

*

स्टुडिओ, २२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू आली नाहीस म्हणून रडणार होते. पण तिच्या मेंढ्या सांभाळायला तूच मागे राहिलीस हे परिचारिकेनं सांगितलं आणि रडायच्या जागी हसू फुटलं.

दालन काठोकाठ भरलं होतं. मेंढपाळीण आत आली, स्वतःच्या भिंतभर फोटोसमोर उभी राहिली, आणि आधी मेंढ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. परिचारिकेनं सांगितलं, याची लोकर यंदा फार छान निघाली. सगळं दालन हसलं. मग तिनं भाषण केलं, तिच्या बोलीत. परिचारिका वाक्यावाक्याला भाषांतर करत होती. मेंढपाळीण म्हणाली, आम्ही असे दिसतो. आम्हाला बघायचं असेल तर आम्ही काम करत असताना बघा, आणि जवळ या. लोक खरंच जवळ सरकले. टाळ्या थांबेनात. बाबा सगळ्यांना सांगत सुटले होते, फोटो माझ्या बहिणीचे, लहानपणापासून हट्टी.

आता घरी कधी येतेस? तुझी खोली झाडून ठेवलीय.

लोभाची उधळण चालू ठेव.
तुझी ठकू

*

वरचं गाव, ११ ऑक्टोबर

चि. ठकूस,
डोंगराएवढे आशीर्वाद.

मेंढपाळीण परतली. आल्या आल्या तिनं मेंढ्या मोजल्या, मग मला मिठी मारली. क्रम लक्षात घे.

खोली तशीच झाडून ठेव, पण बाबाला सांग की वाट बघू नकोस. काल खिंडीपलीकडच्या गावातून दोन बायका चालत आल्या. आमचेही फोटो काढा म्हणाल्या, पण बटाटे काढायच्या दिवसांत, आणि येताना फावडं आणा, कारण नुसतं बघत उभं राहिलेलं आम्हाला चालत नाही. मी होकार दिलाय. फावडं मेंढपाळीण देतेय. फिल्म तू पाठव, जेवढी मिळेल तेवढी सगळी.

घाईत आहे, माया गृहीत धर.
तुझी आत्या