भुवईवरचा व्रण

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझी मुंगी बाजारातून नाहीशी झाली त्याला आज सहा दिवस झाले. पोलिसांनी घरचा फोन मोकळा ठेवायला सांगितलाय, म्हणून हे पत्र. बसचे ड्रायव्हर तुझ्या फोटो स्टुडिओत आणून देतील.

हरवलेल्या मुलांच्या पालकांचं एक मंडळ आहे. त्यातली शिंपीणबाई पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. तिचा मुलगा अकरा वर्षं बेपत्ता आहे. मला दटावून जेवायला बसवते, अगदी तुझी सख्खी बहीण शोभेल. पहिल्याच दिवशी तिने मुंगीची बारीकसारीक माहिती विचारून लिहून घेतली. तू करून दिलेला फोटो मंडळाने पत्रकावर नुसत्या फोन नंबरासह छापून गावोगावी लावलाय. फार गोड आलाय गं. दाराशी जरा खुट्ट झालं तरी मी धावत जाऊन दार उघडते.

माया आहेच, पण सध्या जरा जास्तच असू दे.
तुझी धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज मंडळाच्या माणसांबरोबर आमच्या बसस्थानकावर गेले होते. तिकीट खिडकीवरची बाई म्हणाली की परवा एका बाईबरोबर अशीच मुलगी होती. मुलगी रडत नव्हती. खिडकीवरच्या या बाईने पत्रक काढून ताडून पाहिलं. पण मुलीच्या भुवईवर व्रण होता आणि फोटोत नव्हता, म्हणून तिने जाऊ दिलं.

पोलिसांना लगेच कळवलं. पुढचं मात्र तुला फोनवर सांगायला जीभ रेटली नाही. फोटोतला तो व्रण मी पुसला. वीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढतेय, हात आपोआप चालला. आपलं लेकरू चांगलं दिसावं, एवढंच मनात होतं. खरा फोटो सोबत पाठवतेय.

मला वाटेल ते बोल, पण अबोला धरू नकोस.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला. खोटं कशाला सांगू? तुझं पत्र चुरगाळून फेकलं आणि पुन्हा उचललं. पण छापायच्या आधी तो फोटो मीही पाहिला होता. जन्म दिलेल्या आईला व्रण गेलेला दिसला नाही, तर एकट्या तुला काय बोलू?

आणखी ऐक. सकाळी पोलिसांनी फोनवर विचारलं, व्रण कुठल्या भुवईवर? मी तोंड उघडलं आणि काही आठवेचना. शिंपीणबाईने माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, उजव्या, कानाकडच्या टोकाला, तिरका. तिने मुंगीला कधी पाहिलेलंही नाही. नंतर म्हणाली की मंडळात प्रत्येक जण दुसऱ्याचं मूल पाठ करून ठेवतो, कारण भीतीने आपलं मूल आपल्यालाच आठवेनासं होतं.

मग पिशवीतून एक जुना कागद काढून तिने माझ्या हातात ठेवला. तिच्या मुलाचा. वय सहा, डाव्या कानामागे तीळ, अनोळखी माणसाशी बोलत नाही. म्हणाली, माझा तू पाठ कर, आधी करणारी आता थकली.

ताई, मी तो घेतला. नाही कसं म्हणणार? पण मुंगीचा कागदही असाच जुना होणार का? त्या कागदाच्या घड्या पार फाटल्यात गं, आणि शिंपीणबाईने त्याच्यासोबत मला चिकटपट्टीसुद्धा दिली.

मिळेल त्या गाडीने निघून ये.
तुझी धाकटी