विटाळलेलं दही

गडचिरोली. ज्येष्ठ वद्य अष्टमी, दिवेलागणीनंतर.

सकाळी मी बाहेरची झाले आणि नकळत दह्याच्या गाडग्याला हात लागला. सासूबाई आठवडाभर जुलाबानं अंथरुणात, पण तेवढ्यासाठी उठल्या. काठीनं गाडगं माझ्याकडं ढकललं. "विटाळलं ते. आता तूच गीळ!" घरातलं विरजण तेवढंच होतं.

संध्याकाळी डॉक्टर त्यांना तपासून गेले. म्हणाले, जुलाबावर घेतलेल्या सल्फाच्या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेले, आता दह्याताकातले जंतूच पोट सावरतील. हे लगेच शेजारी फिरून आले. पण दिवे लागल्यावर विरजण कोण देतं?

मग सासूबाई स्वतःच भिंत धरून पडवीत माझ्यापाशी आल्या. नजर गाडग्यावर.

"थोडंसं दे वं बाई. कोनाले नाई सांगत."

"विटाळलं हाये न ते, मामीजी."

"पोटात आग पडली वं माह्या..."

कीव यायला हवी होती का? नाही आली. दही आंबट ढाण झालं होतं, तरी सगळं खाल्लं, त्यांच्यादेखत. मग गाडगं बोटानं पुसून चाटलं. उद्याच्या विरजणापुरतंसुद्धा ठेवलं नाही.