बटणांची तालीम

दि. ४ मार्च

सौ. वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या दादांनी घोळ घातला आहे, तो आधी सांगून टाकते. कारखान्यातली मालाची लिफ्ट यांना घेऊन कोसळली, मानेतल्या नसांना मार बसला आणि तेव्हापासून बोटांना स्पर्श नीट कळत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपण लिफ्ट कंपनीवर दावा लावला, तर कंपनीने स्वतःच्या डॉक्टरांकडून यांना तपासून घेतलं. तपासणी म्हणजे यांच्या लेखी परीक्षाच! आठवडाभर आरशासमोर उभं राहून शर्टाची बटणं लावायची तालीम केली. परक्या माणसापुढे हसं व्हायला नको, म्हणे. तिथे सगळी बटणं लावून दाखवली आणि पहिला नंबर आल्यासारखे घरी आले. आता अहवाल आलाय की हात उत्तम चालतात, सुतारकामाला काहीच हरकत नाही.

यांनी परत त्या करवतीच्या यंत्रावर उभं राहायचं, या विचाराने माझी झोप उडाली आहे. काय करू ते लवकर कळवा. दादांवर रागवा, पण माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
वहिनी

दि. ११ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी कपाळावर हात मारून घेतला, मग हसू आलं, मग रडू. दादा लहानपणी फणफणत्या तापातही डॉक्टरांना ठणठणीत आहे म्हणून सांगायचा आणि घरी येऊन आडवा व्हायचा. तुम्ही जन्माची शिक्षा पत्करली आहे, आता भोगा!

थट्टा पुरे. आपल्या बाजूने ज्या डॉक्टरीणबाई साक्ष देणार आहेत, त्यांना तालमीची गोष्ट जशीच्या तशी सांगा. वकिलांपासूनही लपवू नका. दादा फुरंगटेल, तर फुरंगटू दे. नाक वर करून बसायला बोटं लागत नाहीत. तुम्ही मात्र वेळेवर जेवत जा. जीव तुमच्याकडे लागला आहे, एवढं लक्षात असू द्या.

तुमची धाकटी,
नणंद

दि. २३ जून

सौ. वन्सं यांस,
स. न. वि. वि.

जिंकलो! काल निकाल लागला. यांचे उपचार आणि नवं काम शिकायची सोय, दोन्ही कंपनीने करायचं आहे. करवतीचं यंत्र सुटलं, मी सुटले.

साक्षीच्या दिवशी मात्र जीव टांगणीला लागला होता. कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरीणबाईंना खोदून विचारलं की हा माणूस बटणं लावू शकतो की नाही. बाईंनी सरळ हो म्हटलं. मी मनात म्हटलं, ही बाई आपली की त्यांची? तेवढ्यात त्या न्यायाधीशांना म्हणाल्या की बटणं हा डोळ्यांनी लावतो, बोटांनी नाही. डोळे मिटायला लावून हातात वस्तू ठेवली, तर स्क्रू आहे की खुंटी ते याला सांगता येत नाही, आणि सुताराला फळीच्या मागे, नजर पोचत नाही तिथेही हात घालावा लागतो. तालमीचंही त्यांनीच सांगून टाकलं. कोर्टात हशा पिकला आणि यांचे कान लालेलाल.

मग कंपनीचे डॉक्टर उभे राहिले. डोळे मिटायला लावून तपासलं होतं का, असं आपल्या वकिलांनी विचारलं. ते म्हणाले, नाही, ते राहून गेलं. आणि बाईंची तपासणी वाचल्यावर त्यांचं म्हणणं मला पटलं आहे. या माणसाला यंत्रावर उभं करू नये, असंही म्हणाले. मी तीन महिने त्यांच्या नावाने बोटं मोडत होते, ते सगळं तिथल्या तिथे मागे घेतलं. बाहेर भेटले तेव्हा म्हणाले की बोलावणारा कोणीही असो, साक्ष कोर्टासाठी द्यायची असते.

काल न्यायाधीशांनी दोघांचंही म्हणणं वाचून दाखवलं आणि हे बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. मला वाटलं आनंदाने रडताहेत. तर म्हणाले, इतके महिने मनात एकच भीती होती, की आपल्याला काही झालेलंच नाही, आपणच कामचुकार झालो आहोत. आज कुठे माझा माझ्यावर विश्वास बसला.

आहे तशीच माया राहू द्या, वन्सं, आणि सवड काढून दादांना भेटून जा.

तुमची,
वहिनी