उजवीकडचा गडी

खालापूर,
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

चि. रूपालीस,
अनेक आशीर्वाद.

हर्षदला उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही. काल दुपारी पनवेलच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. मी आणि तल्हा समोर उभे होतो. तल्हाने दोनदा विचारलं, डॉक्टरांनी दोनदा तेच उत्तर दिलं. डावा डोळा चांगला आहे. जिवाला धोका नाही. ताप उतरलाय, काल संध्याकाळी त्याने वाटीभर पेज खाल्ली.

ही बातमी आधी लिहिली, नाहीतर बाकीचं पत्र तू तिच्यासाठीच चाळत बसली असतीस.

तुझी तब्येत कशी आहे? सातवा लागला ना? डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय तर पडून राहा, आईच्या मागे विहिरीवर जाऊ नकोस. आईच्या गुडघ्याला तेल पाठवलंय. धाऊ दुधाचा टेंपो घेऊन उद्या कडावला येईल, त्याच्याकडे तेल आणि हे पत्र दोन्ही आहे. पत्र तू एकटीनेच वाच. आईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस, जावयाचं असं तिला ऐकवणार नाही.

गोदामात लागलं या आमच्या निरोपावर आलेली तुझी चिठ्ठी धाऊने बुधवारी दिली. दोनच ओळी होत्या. "दादा, त्या गोदामात मी दोन वर्षं पॅकिंग केलंय. खोक्याची पट्टी सुटली की बोटं कापतात, डोळा नाय जात. खरं काय ते लिव."

मी ती चिठ्ठी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

आपल्या टेंपोचं तुला माहीत आहेच. हर्षद आणि मी मिळून जुना टेंपो घ्यायचा, दुसऱ्याची खोकी उचलायचं बंद करायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. तल्हाला बहिणीची कॉलेजची फी भरायची होती, गजाला घरावर पत्रे टाकायचे होते. चौघं एकाच खोलीत राहतो, तर चौघांनी मिळून हात आखडायचा असं ठरवलं. बाहेरचा चहा बंद, गुटखा बंद, रिचार्ज बंद. फोन बंद झाले म्हणून तर आपण ही पत्रं लिहितोय. पहिले पंधरा दिवस जोर होता. टेंपोचा फोटो भिंतीला लावला होता, सकाळी त्याला हात लावून निघायचो. मग एकेक जण घसरायला लागला. गजाच्या तोंडाला गुटख्याचा वास यायचा, तल्हा वडापाव खाऊन यायचा. देवाच्या शपथा घेतल्या, त्या चार दिवस टिकल्या.

फटक्याची कल्पना गजाची. तुला आठवत असेल, कडावच्या कबड्डी संघात सरावाला उशिरा येणाऱ्याला फटका बसायचा. गुरुजी स्वतः मारायचे नाहीत. साखळीत जो शेजारी खेळतो, ज्याचा हात धरून आपण चढाईवाल्याला अडवतो, त्यानेच मारायचं. परक्याने मारलं की राग धरतात, शेजाऱ्याने मारलं की लाज वाटते, असं गुरुजी म्हणायचे. हर्षद आणि मी सहा वर्षं साखळीत होतो. मी त्याच्या उजवीकडे. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात.

तर दर रविवारी दुपारी तीनला, जेवण झाल्यावर, खोलीचं दार लावायचं. आठवड्यात फालतू काय खर्च केला ते ज्याचं त्याने सांगायचं. चहाला एक, खाण्याला दोन, गुटख्याला तीन, दारूला पाच. तळहातावर. शेगडीची जुनी नारिंगी नळी होती, हातभर लांब, एका टोकाला लोखंडी क्लिप तशीच राहिलेली. क्लिपच्या बाजूने मुठीत धरायची आणि दुसऱ्या टोकाने मारायचं, हा नियम. गजाला तल्हा मारणार, तल्हाला गजा. हर्षदला मी, मला हर्षद.

उपयोग झाला, रूपा. खोटं कशाला सांगू? चहाच्या टपरीसमोरून जाताना तळहात आपोआप मिटायचा. महिनाभरात टेंपोसाठी जेवढे साठले तेवढे त्याआधी वर्षात साठले नव्हते.

पण हात बिघडला तो मारणाऱ्यांचाच. सुरुवातीला हळू लागायचा. मग गजा म्हणाला, "रोहिदास, लाड करतोस काय मेव्हण्याचे? आवाज यायला पायजे!" आवाज यायला लागला. तळहातावर पट्टा उठायचा, आधी पांढरा, मग लाल, सोमवारी जांभळा. त्याच हाताने तीस किलोची खोकी उचलायची. तल्हाचं एक नख काळं पडून गळालं. त्याने ते टेंपोच्या फोटोखाली खिळ्याला चिकटवलं, आणि आम्ही पोट धरून हसलो. जानेवारीत गजा देशी प्यायला. पाच फटक्यांनी समाधान होईना म्हणून तल्हाने पाठीवर दोन जास्त दिले. गजा भिंतीला कपाळ टेकून ओरडला, "मार रं, मार! पत्रं येऊ दे घरावर!" उठला तेव्हा बनियनला रक्त लागलं होतं. शुक्रवारपासूनच आम्ही एकमेकांना विचारायचो, या रविवारी कोणाचा नंबर? आठवडाभर कशाचीच चव नसायची, त्या एका वेळेची असायची. कोणी काही खर्च केला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं.

माझ्या नावावर सगळ्यांत कमी फटके होते. डिसेंबरपासून फक्त दोन चहा. गजा मला महाराज म्हणायचा. मीही रविवारी बाकीच्यांना चार शब्द सुनवायचो, मनावर ताबा कसा ठेवायचा ते.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

दर गुरुवारी मी ओव्हरटाइम आहे असं सांगून चौकच्या फाट्यावर जायचो. एका हॉटेलात मागच्या बाजूला टेबल आहे, रस्त्यावरून दिसत नाही. तिथे मटणाची थाळी आणि एक क्वार्टर. सलग सात गुरुवार. मी स्वतःला म्हणायचो, सगळ्यांना ताळ्यावर ठेवणाऱ्याला ताकद पाहिजे.

५ तारखेच्या गुरुवारी मान वर केली तर समोर हर्षद. गोदामाची गाडी फाट्यावर बंद पडली होती आणि तो पाणी प्यायला आत आला होता. त्याने थाळीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. माझ्याच टेबलावरच्या जगमधून ग्लासभर पाणी ओतून प्यायला. म्हणाला, "सावकाश जेव, दादा. ठसका लागंल." आणि गेला.

शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. तो खोलीवर येऊनसुद्धा काही बोलला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. मला वाटायला लागलं की तो रविवारची वाट बघतोय.

रविवारी तीनला दार लावलं. हर्षद म्हणाला, "मी भजी खाल्ली. एक प्लेट. पंचवीस रुपये." गजा हसला. "भज्यांनी टेंपोचा आरसा खाल्ला बघ!" हर्षदने उजवा हात पुढे केला आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच बघितलं असेल. मला तसं वाटलं नाही.

दोन फटके होते. मी पहिला दिला, त्याचा हात खाली गेला. दुसरा दिला. मग तिसरा, चौथा. तल्हा म्हणाला, "ए, दोनच होते ना?" हर्षदची बोटं आखडली होती, पण हात तसाच पुढे. त्याच वेळी मी नळी हातात फिरवली आणि क्लिपचं टोक पुढे केलं. गजाला मी नंतर सांगितलं की घाईत उलटी धरली गेली. तसं नाही. लोखंड पुढे आलं ते मला कळलं होतं.

हर्षद म्हणाला, "दादा, थांब. एक सांगू का..."

मी तोंडावर मारलं.

फाट्याचं नाव त्याच्या तोंडातून बाहेर पडू नये म्हणून मारलं. तोंडावर मारायचं होतं, डोळ्यावर लागलं. ओल्या खोक्याला काठी लागावी तसा आवाज आला. तो खाली बसला. हात डोळ्यावर, बोटांमधून रक्त आणि पाण्यासारखं काहीतरी. आणि हे तुला कळलं पाहिजे, रूपा, कारण हे बाकी कोणीच सांगणार नाही: मी त्यानंतर आणखी एकदा मारलं. खांद्यावर. तो बसलेला असताना. तल्हाने मला मागून मिठी मारली, दोघं शेगडीवर पडलो, तेव्हा माझा हात थांबला.

टेंपोसाठीचं सगळं हॉस्पिटलात गेलं. तल्हा आणि गजानेही आपलं काढून दिलं. तल्हाने बहिणीच्या फीचं पाकीट तसंच न उघडता पैसे भरायच्या खिडकीत सरकवलं. पट्टी सुटल्याची गोष्ट रिक्षातच ठरली, आणि ठरवली ती हर्षदनेच. एका हाताने डोळा दाबून म्हणाला, "गोदामात लागलं म्हनायचं. रूपाला ह्यातलं काय बोलायचं नाय."

मंगळवारी मी त्याच्याजवळ एकटाच होतो. विचारलं, तू काय सांगणार होतास? त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, "ते होय? हात बदलतो म्हनत होतो. सोमवारी माल उतरवायचा होता, उजवा लागतो. डाव्यावर मार, एवढंच."

मी विचारलं, आणि फाट्यावरचं?

"त्यात काय सांगायचं? भूक लागली आसंल तुला."

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही. माफी मागायची तर त्याच्याकडे, आणि तो लगेच देईल म्हणून ती मागवत नाही. तुला खरं हवं होतं, ते लिहिलं. आईला काय आणि किती सांगायचं ते तू ठरव. नळी पिशवीत गुंडाळून ठेवली आहे, क्लिप पुसलेली नाही.

आता पुढचं नीट वाच. रविवारी शिवरात्र, धाऊला सुट्टी आहे. धाऊ सकाळी नऊला गाडी घेऊन फाटकाशी येईल, तुला आणि आईला सावकाश पनवेलला नेईल. डॉक्टरीणबाईंना त्याने विचारलंय, बसून जायला हरकत नाही म्हणाल्या. सोमवारी अकरा वाजता हवालदार हर्षदचा जबाब घ्यायला येणार आहेत. तो पट्टीचीच गोष्ट सांगणार. मला म्हणाला, "तू आत गेलास तर रूपाचं बाळंतपन कोन बघंल?" गजाही म्हणतो गप्प बस, गोदामाकडून भरपाई मिळंल. गोदामाने त्याला मारलं नाही.

सोमवारी दहा वाजता मी पिशवी घेऊन खालापूरच्या पोलीस स्टेशनात जाणार आहे. त्यांना इथे लिहिलं तेच सांगेन, गुरुवारचंसुद्धा. मला ठेवून घेतील असं तल्हाच्या ओळखीचे वकील म्हणाले. बाळंतपणाला मी नसेन. आईच्या जोडीला हर्षद असेल, धाऊ असेल.

खाटेजवळ बसशील तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला बस. उजवीकडे माझी जागा होती. त्या बाजूने कोण आलं ते त्याला आता दिसत नाही.

रोहिदास