गोचिडांचा उपास

३ जून
आज क्षयावरची नवी गोळी सुरू झाली. थुंकी स्वच्छ आल्याशिवाय इथून सुटका नाही – खिडकीला जाळी, दाराला बाहेरून कडी. ही गोळी नेमकं काय करते, असं मी मे मापुलेंगना विचारलं. त्या आमच्या वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाई; सगळे त्यांना 'मे', म्हणजे आई, म्हणतात. मास्कमागून हसल्या.

"जंतूच्या पोटात एक इवलं जातं असतं, पोरा. ते फिरतं तेव्हा त्याला ताकद मिळते. ही गोळी त्या जात्यात पाचर मारते."

"मग तो लगेच मरतो?"

"नाही. आधीचं साठवलेलं पीठ खातो काही दिवस. ते संपलं की मरतो. आणि हे बघ, पोटभर खाऊन गोळी घ्यायची."

४ जून
त्या पिठाचाच विचार करतोय. ते येतं कुठून? माझ्याच अंगातून. मी खातो म्हणून तो खातो.

डोंगरावर मेंढरं राखायचो तेव्हा गोठ्यात गोचीड माजले की आजोबा सगळा हिवाळा गोठा ओस ठेवायचे. रक्त मिळेना, गोचीड वाळून मरायचे.

मी म्हणजे गोठाच.

५ जून
सकाळची पेज आणि अंडं न्ताते सेकोलींना दिलं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा, सगळ्यांचे न्ताते, म्हणजे बाबा – जन्मभर सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत राबले. म्हणाले, "उपास कुणासाठी रे? पोरगी पटेना?"

"मला जात नाही."

"माझ्या पोटात खाणीएवढी जागा आहे. आण इकडे."

गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली. मे मापुलेंगनी विचारलं, "जेवलास?" हो म्हणालो.

९ जून
धाकट्या बहिणीशी, लिनेओशी, फोनवर बोललो. तिला हाच आजार आहे, माझ्यामुळे झालेला. तिचा लवकर सापडला म्हणून तिला घरीच औषध. आजपासून तिलाही हीच गोळी. सांगितलं – सकाळी काही खायचं नाही, नुसती गोळी.

"अबुती, अरे दादा, तू डॉक्टर कधी झालास?"

"शपथ घे."

घेतली तिनं. बरं वाटलं.

२० जून
आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा; डोंगर बर्फानं पांढरे झालेत. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पण मी अशक्त म्हणजे जंतूही अशक्त. न्ताते सेकोलींचे गाल भरलेत.

७ जुलै
थुंकीचे अहवाल आले. न्ताते सेकोलींचा स्वच्छ. माझा नाही.

ते घोंगडी गुंडाळत होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या पेजेनं बरा झालो रे!" मे मापुलेंग हसल्या नाहीत. माझ्या खाटेवर येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं, गोचिडांचंही.

"ही गोळी अन्नाबरोबरच रक्तात नीट उतरते," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी घेतलीस तर बरीचशी तशीच बाहेर जाते. पाचर पुरती बसलीच नाही त्या जात्यात."

"मला वाटलं, पोट जळू नये म्हणून सांगता."

"गोठा ओस पडला म्हणून गोठ्याला काही होत नाही, पोरा. पण तू गोठा नाहीस. तू जंतूंच्या आधी संपशील."

मी फोन हातात घेतला. लिनेओ.

८ जुलै
फोन लागत नाही. बर्फानं टॉवर बंद पडलाय म्हणे. दाराशी जाऊन आलो. पुन्हा जाऊन आलो. कडी बाहेरून.

आज पेज खाल्ली, अंडं खाल्लं. आधी तिला आजार दिला, मग तिचं औषधही हिरावून घेतलं. आणि मी इथं खातोय.

१० जुलै
फोन नाही. मे मापुलेंगनी तिकडच्या आरोग्यसेविकेसाठी निरोप दिलाय, पण घाट बंद. निरोप घेऊन जाणारा माणूस पायथ्याशीच अडकून बसलाय.

मीही.

१३ जुलै
लिनेओ आली. घाट उघडल्याबरोबर निघालेली. जाळीपलीकडे उभी, गाल लाल. तिचा अहवाल स्वच्छ आलाय.

"शपथ?" मी विचारलं.

"घेतली होती. मग अंडं खाल्लं. रोज. तुझं कधी ऐकलंय मी?"

मे मापुलेंगनी माझी वाटी भरून आणली. ती रिकामी होईपर्यंत लिनेओ जाळीपासून हलली नाही.