साडेतीन हातांची बाई

मु. झरी, पौष वद्य चतुर्थी, फसली १३४७

त्या सकाळी मी सडा टाकला, म्हशीची धार काढली, शेरभर ज्वारी दळली आणि तव्यावर पहिली भाकरी टाकली, तेवढ्यात टपालवाल्यानं हाक मारली. पिठाच्या हातानं तशीच धावले आणि ओसरीच्या वाशाला कपाळ आपटलं. एवढं लिहून झाल्यावर ध्यानात आलं, वन्सं, की पत्राला आधी नमस्कार लागतो. तर पालममुक्कामी तीर्थरूप धुरपतावन्सं यांना भावजय पार्वतीचा वाकून नमस्कार. (वाकण्याची मला सवय आहे, हे तुम्हांला सांगायला नको.) तुमचा गुडघा थंडीत कसा आहे? एरंडाचं पान शेकून बांधत जा. हे पत्र तुम्हांला तुमचे यजमान व्यंकटराव वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. (व्यंकटराव, कंसातलं मोठ्यानं वाचू नये.)

टपाल आपल्या कमलच्या घरून आलं होतं, आफ्रिकेतल्या मोंबासाहून. तिला तेव्हा पाचवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरनं तिला जहाजात बसायची मनाई केली. म्हणून बन्सीधर जावयांनी लिहिलं, कमलला माहेरी येता येत नाही, तर माहेरानंच इकडे यावं, तिकीट काढून पाठवतो. आता माहेर म्हणजे मी एकटीच. तुमचे भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. ते असते तर त्यांनी नकाशा मागवला असता आणि मला धीर दिला असता. मी आपली भाकरी करपू दिली आणि रडून घेतलं.

परदेशी जायला परवाना लागतो, म्हणून परभणीला कचेरीत गेले. तिथले मुन्शी फार सज्जन. नाव, गाव, धंदा सगळं उर्दूत लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, कद बोलो." कद म्हणजे उंची, हे मला दिनकररावानं सांगितलं. (दिनकरराव माझा धाकटा भाऊ, मुंबईपर्यंत सोबतीला होता. सोबत म्हणजे काय ते पुढे येईलच.) मी खरं ते सांगितलं, साडेतीन हात. आपल्याकडे लहानथोर कुणीही आपापल्या हातानं साडेतीन हातच भरतं, लहानपणापासून हेच ऐकलं. मुन्शींनी खाली मान घालूनच हाताचे इंच केले आणि लिहून टाकलं. मी गुळाच्या पुडीचे कागद वाचून वाचून बाळबोध शिकले, पण उर्दू मला येत नाही. काय लिहिलं ते पाहिलं नाही, आणि त्यांनी वर मान करून मला पाहिलं नाही. दोघांची चूक निम्मी निम्मी.

मनमाडला गाडी बदलली आणि मी जनाना डब्यात चढले. थंडी होती, पदर तोंडापर्यंत ओढलेला. लुगडं कधीच घोट्यापर्यंत पुरत नाही, खाली पायांत वहाणा तुमच्या भावाच्याच. (बायकांच्या मापाच्या मला होत नाहीत, म्हणून त्यांच्या झिजवते. दुसरंही कारण आहे, ते असो.) एकदम आरडाओरडा झाला, "अगं बाई, गडी शिरलाय लुगडं नेसून!" एकीनं पितळी तांब्या उगारला. मी बाई आहे म्हणून दाखवू तरी काय, वन्सं? हातात बांगडी नाही, कपाळी कुंकू नाही, गळ्यात काही नाही. जे पाहून बाई ओळखायची ते सगळं तुमच्या भावाबरोबर गेलं. शेवटी कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "थांबा गं. ए, बाई असशील तर सांग, बाळंतिणीचे लाडू कसे करत्यात?" मी डिंक तुपात फुलवण्यापासून सुरुवात केली, हळीव किती, खारीक किती, पाक कधी उतरवायचा. म्हातारीनं मान हलवली, म्हणाली, "करून दाखवल्याबिगर काय खरं?" मग कमलसाठी नेत होते तो डबा उघडावा लागला. कल्याण येईपर्यंत डबा अर्धा झाला. मी बाई ठरले, पण लाडू गेले.

बंदरावर एका साहेबानं परवाना पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा परवाना. दुभाष्या म्हणाला, कागदावरची पार्वतीबाई पाच फूट तीन इंच आहे. भिंतीला मापाची पट्टी ठोकलेली होती. दिनकरराव कानात म्हणतो, "आक्का, गुडघे वाकव. लुगड्यात काय दिसतंय?" मीही वेडी, वाकवले. पाच फूट आठ भरले. साहेबानं काठी वर केली, ताठ उभं राहा म्हणून. उभी राहिले. सहा फूट आणि वर अर्धा इंच. तिथले हमालसुद्धा ओझी ठेवून बघायला आले. दुभाष्या विचारायला लागला, खरी पार्वतीबाई कुठं आहे, तिचा परवाना तुझ्याकडं कसा आला? वन्सं, त्यांना वाटलं, मी एका बुटक्या बाईचं काहीतरी बरंवाईट करून तिच्या कागदावर निघालेय. मी दिनकररावाकडे पाहिलं, तर तो पट्टीचे इंच मोजत होता. माझ्या डोळ्यांदेखत जहाजाची शिडी उचलली. लोक त्या शिडीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.

परत आले. मुन्शींना जाऊन सांगितलं. त्यांनी या वेळी वर पाहिलं आणि "या अल्ला" म्हणाले. आता मला पडल्या पडल्या एकच दिसतं. कमलला सातवा सरायला आला. पुढचं जहाज माघाच्या शेवटी, त्यावर बारा दिवस पाणी. ते चुकलं तर तिच्या उशाशी कोण? बाळाला न्हाऊ घालायला पाय लांब करून कोण बसणार? (माझे पाय या एका कामाला तरी चांगले. कमलला त्यावर आडवी घातली की दोन्हीकडे जागा उरायची.) शिवाय जहाजातला बाक म्हणे साडेपाच फुटांचा असतो. माझे पाय वाटेत राहतील, कुणीतरी अडखळून समुद्रात पडेल आणि मोंबासाला पुन्हा पट्टी असेल. या काळजीनं घास उतरत नाही. बाकी सर्व ठीक. व्यंकटरावांनी तपकीर कमी करावी. कळावे, लोभ आहेच.

आपली,
पार्वती

ता. क. एक लहानसं काम होतं, ते लिहायचं राहिलं. मुन्शी म्हणतात, कागद दुरुस्त होईल, पण सासरच्या रक्ताच्या वडीलधाऱ्या माणसानं कचेरीत येऊन अंगठा द्यावा, की सून लग्नापासून एवढीच उंच आहे आणि तीच ही. सासरच्या रक्ताचं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. मला ठाऊक आहे, तुम्ही चोवीस वर्षं सगळ्या गावाला सांगत आलात, "पारबती माझ्या भावाएवढीच हाय, दिसायलाच तशी." घरात मात्र म्हणायचात, "खाली बस गं, आभाळाला भोक पडंल." घरातलं कचेरीत सांगायचं, एवढंच.

ता. क. दुसरा. अंतरपाटाआड तुमच्या भावाच्या पायांखाली तुम्ही दोन पाट ठेवले होते, असं तुम्ही एकदा रागात बोलून गेलात. वन्सं, दोन नव्हते, तीन होते. ते मला पहिल्याच संक्रांतीला हसत हसत सांगून मोकळे झाले. त्याच महिन्यात त्यांनी सुतार न बोलावता स्वतः स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वीतभर उचलली. तुम्ही आल्यागेल्याला सांगितलं, धूर जायला. मी ऐकून घेतलं. पण धुराला कुठं डोकं असतं? साऱ्या घरात मी ताठ चालते ते त्या एका दारातून. तुम्ही मला उंच म्हणालात तर ते बुटके ठरतील, ही तुमची भीती मला कळते. पण ते स्वतः कधी भ्याले नाहीत, मग आपण दोघींनी का भ्यावं?

ता. क. तिसरा. पत्र काल लिहून ठेवलं आणि टपालात टाकायला म्हणून निघाले. मग वाटलं, टपालाला चार दिवस, तुमच्या रुसव्याला आठ, तेवढ्यात माघ लागेल. तेव्हा व्यंकटराव घरी नसले तर मीच वाचून दाखवीन, कंस सोडून. आज सकाळी मी भाकरी बांधून घेतली, लग्नातले ते तिन्ही पाट साक्षीला म्हणून धुऊन दोरीनं एकत्र बांधले, आणि पालमच्या मोटारीत वाकून बसले.